ज्याने सांगितलं त्याचं काम

सोमवार, ४ मार्च
पुन्हा तेच! हॉस्पिटलचा नवा आयसीयू एकवीस तारखेला सुरू करायचा आहे, आणि बैठकीत सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. प्रकल्पाचे साहेब ओळीने विचारत गेले— "अडचण?" "नाही." "अडचण?" "नाही." माझी पाळी आली. मीही "नाही" म्हणाले!

अडचण आहे. वीज गेली की जनरेटर सुरू होतो, पण कधीकधी मधेच बंद पडतो. दर वेळी नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. विजेचं सगळं काम माझ्याकडे. तिथे व्हेंटिलेटरवर माणसं असणार आहेत.

मंगळवार, ५ मार्च
कॅन्टीनमध्ये नळदादाला सांगितलं. पाण्याच्या लाइनी तो बघतो, म्हणून नळदादा. म्हणाला, "ताई, गप्प बस. मी गळती सांगितली तर काय झालं? 'तुम्हाला दिसली ना? मग तुम्हीच निस्तरा!' माणसं मिळाली नाहीत, मुदतही नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न हुकलं माझं."

साहेबांचा नियमच आहे हा. त्यांना वाटतं, यानं माणसं जबाबदार होतात. कसली जबाबदार— दिसलं तरी दिसलं नाही म्हणायला शिकतात!

शुक्रवार, ८ मार्च
जनरेटरची चाचणी घेतली. पुन्हा बंद पडला. रात्री घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "नोकरी जाईल म्हणून घाबरतेस का?" हो. घाबरते.

सोमवार, ११ मार्च
बोलले! "साहेब, जनरेटरचा भरवसा नाही. एकवीसला पेशंट आणू नका."

"मग तुम्हीच—"

"माझ्या एकटीनं होणार नाही. कंपनीची माणसं हवीत, आणि तारीख पुढे हवी. ती तुम्हीच पुढे नेऊ शकता."

कुणी मान वर करेना. नळदादासुद्धा! साहेब उठून गेले. आता काय वाढून ठेवलंय कोण जाणे.

बुधवार, १३ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. "वर मलाही विचारतात. मीही दर आठवड्याला 'नाही'च सांगत आलो. आज खरं सांगून आलो." तारीख पुढे गेली! खडूस माणूस, पण आज फार आदर वाटला. बाहेर येऊन रडले.

शनिवार, १६ मार्च
साहेबांची बदली! सगळं खापर त्यांच्या डोक्यावर. आणि प्रकल्प माझ्या गळ्यात.

सोमवार, १८ मार्च
आज बैठक मी घेतली. आधीच सांगून टाकलं— "अडचण दिसली की फक्त सांगा. माणसं आणि वेळ मिळवून देणं माझं काम." मग नळदादाला गळतीचं विचारलं. मी स्वतः सकाळी पुन्हा ठिबकणाऱ्या लाइनीखालची बादली ओलांडून आले होते.

तो उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही अडचण नाही, मॅडम."