इनासभाऊंचं काचेचं कपाट

सांडोर, सोमवार, १२ जानेवारी १९७६

ग्रंथालयाच्या अनुदानासाठी आज साहेब शाळा बघून गेले. पाहुण्यासमोर गरिबी काय दाखवायची, म्हणून मी शेजारच्या इनासभाऊंचं काचेचं कपाट वर्गात आणवलं आणि घरची पुस्तकं त्यात लावली. साहेब खूश!

"मास्तर, ग्रंथालय झकास आहे की! अनुदान गरजू शाळेला देऊ." वर केळ्यांचा घडही घेऊन गेले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचीच अक्कल!" माझीच. दुसऱ्या कोणाला एवढी असणार?

दुपारभर मुली काचेला नाक लावून उभ्या होत्या. एकीने विचारलं, "सर, उद्या उघडनार ना?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी कपाट परत गेलं. पुस्तकं उद्या पिशवीतून नेईन. पण कपाट? काचेवरचे नाकांचे ठसे इनासभाऊंच्या घरी एव्हाना पुसले असतील. पुसू नयेत, असं फार वाटतंय.