लांबून केलेला नमस्कार

रविवार, १७ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच बाजूला टाकशील, हे मी धरून चालले आहे. म्हणून आमच्या मेकअपवाल्या काकांना बजावलंय, की ताई पाकीट फोडेपर्यंत तिच्या दारातून हलायचं नाही. मुलीला भेटायला ते आज तुझ्याच गावी निघालेत. फोन तू उचलत नाहीस, मग दुसरी काय वाट काढणार?

भाऊजींचा गुडघा कसा आहे? चिमणी सासरी रुळली का? तिचा फोटो पाहिला. हसणं अगदी तुझं, अर्धं ओठांत राखून ठेवलेलं.

माझं नाटक बरं चाललंय. दुसऱ्या अंकात नवऱ्याशी कडाक्याचं भांडण आहे आणि नवरा झालेला नट नेमका तिथेच वाक्यं विसरतो. मग दोघांच्या वाटचं मीच भांडते. लहानपणी तू रुसून गप्प बसायचीस तेव्हाही हेच करायचे.

आता मुद्द्यावर येते. इकडचं तिकडचं लिहून किती पानं भरणार?

तो सत्काराचा व्हिडिओ तू पाहिलास. म्हातारे दिग्दर्शक हात पसरून पुढे येतात आणि मी तोंडावर मास्क लावून मागे सरते, लांबूनच नमस्कार करते. लोकांनी मला महाराणी केलं. कुणी विचारलं, आम्हाला काय रोग झालाय का? एका पेपरात तर अख्खा लेख आला, की प्रेक्षकांच्या जिवावर मोठी झालेली बाई आता माणसांचा विटाळ मानते. तू कुठे काही लिहिलं नाहीस. फक्त शेजारणीला म्हणालीस, "ती घरच्यांनाही असंच वागवते." शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीत आहे. फिरत फिरत ते माझ्या कानावर आलंच.

मला राग नाही आला. तुला जेवढं दिसलं, त्यावरून तू दुसरं काय म्हणणार होतीस? चिमणीच्या लग्नात ती गळ्यात पडायला धावत आली आणि मी हात आडवा धरला. आहेर दारातल्या माणसाकडे देऊन निघून गेले. "पाहुण्यासारखी आलीस, पाहुण्यासारखी गेलीस," हे तुझं शेवटचं बोलणं.

ताई, त्याच आठवड्यात माझं नवीन औषध सुरू झालं होतं.

मला आजार आहे. बरा न होणारा, पण आवरून धरता येणारा. आधी सांधे धरले, मग मूत्रपिंडावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुंपणच शेत खातंय, म्हणून कुंपणालाच वेसण घालायची." म्हणजे शरीराची राखण करणारी ताकदच गोळ्यांनी दाबून ठेवायची. मग कुणाची साधी सर्दीही मला महागात पडते. एकदा पडलीही आहे. परगावी दौरा आहे असं तुला कळवलं होतं, तेव्हा मी हॉस्पिटलात होते.

का नाही सांगितलं? नाटकवाल्यांना नाही सांगितलं, कारण आजारी बाईच्या भरवशावर कुणी तारखा घेत नाही. तुला नाही सांगितलं त्याचं कारण वेगळं. आईचं सगळं तू काढलंस. तिची कूस बदलणं, तिचे चिडलेले बोल, सगळं. ती गेल्यावर तू पलंगावरची चादर काढलीस आणि म्हणालीस, "आता मला कुणाचं दुखणं बघायला सांगू नका." मी दारात उभी होते. तेव्हा माझे तपासणीचे कागद माझ्या पिशवीत होते. ते तसेच परत घेऊन गेले.

आता कालचं. उद्या ते पेपरात येईल आणि परक्यासारखं तू तिथे वाचावंस, हे मला नको होतं.

व्हिडिओनंतर मॅनेजरने निक्षून सांगितलं, "बाई, प्रयोग संपला की मास्क न लावता लोकांना भेटा. नाहीतर मला दुसरी नटी बघावी लागेल." काल पडदा पडला. मी विंगेत मास्क लावला आणि तशीच परत रंगमंचावर गेले. मागून एकजण ओरडला, "चेहरा दाखवा की, तिकीट काढून आलोय."

मी म्हटलं, "चेहरा दोन तास दाखवला. आता हा लावते, कारण मला अजून बरेच प्रयोग करायचेत." आणि मग सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, हॉस्पिटल. पाठ केलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे अडखळले. रडले मात्र नाही.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "मग नाटकात कसा नाही लावत?" मी सांगितलं, की नाटकातल्या माझ्या नवऱ्याला शिंक आली तरी तो त्या दिवशी बदली नट पाठवतो. मी तसं विनवलं होतं, त्याने कधी कारण विचारलं नाही. नवरा मागून म्हणाला, "मला वाटायचं, वाक्यं विसरतो म्हणून शिक्षा आहे." सगळं थिएटर हसलं. मीही हसले. ताई, किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला म्हणून सांगू.

सगळेच विरघळले असं नाही. एक जोडपं जाता जाता म्हणालंच, की हीसुद्धा नाटकंच. म्हणोत. मॅनेजर मात्र डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटायचं तुम्हाला आम्हीच आवडत नाही. आधी बोलला असतात तर ती मेकअपरूमची न उघडणारी खिडकी तरी दुरुस्त करून घेतली असती." आज सकाळी सुतार आलाय म्हणे. भूमिका माझ्याकडेच आहे.

आणि तो ओरडणारा. मागच्या दाराशी उभा होता, चांगला लांब, रुमाल नाकाला लावून. म्हणाला, "मला सर्दी आहे, जवळ येत नाही. नाटक आवडलं एवढंच सांगायचं होतं." माफीबिफी नाही. पण मला तेवढं पुष्कळ झालं.

परवाच्या तपासणीत मूत्रपिंड सावरल्याचं दिसलंय. तेव्हा घाबरू नकोस. माझी सेवा करायला तुला बोलवत नाहीये. माझं पथ्यपाणी मला जमतं. मला फक्त माझी बहीण हवी आहे, भांडायला आणि गप्पा मारायला. चिमणीला हे तूच सांग, तुझ्या शब्दांत. तिच्यासमोर आडवा धरलेला हात मला अजून टोचतो.

ये. गॅलरीत दोन खुर्च्या टाकते, वारा चांगला असतो. घशात खवखव असेल तर आधी कळव, मी मास्क लावून दार उघडेन.

पण दार मीच उघडेन.

तुझी,
आजारी असलेली, आणि काल रात्री खूप दिवसांनी गाढ झोपलेली,
धाकटी