झबल्याच्या नाडीला तिकीट

माय, तुझं थेटर पुन्हा उघडलं. मागच्या रविवारी मी सकाळची एसटी धरून जळगावहून धुळ्याला गेले आणि दुपारच्या प्रयोगाला बसून आले. तुझं म्हणते, कारण मालक कोण होता हे मला लहानपणीही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. बरीच वर्षं ते कुलूप लावून पडलं होतं, दर्शनी भिंतीत पिंपळ उगवला होता. आता रंग दिलाय, खुर्च्यांना गाद्या आल्यात, भिंतींवरच्या पानाच्या पिचकाऱ्या गेल्यात. पण डावीकडचा बायकांचा जिना तसाच आहे, आणि वर बाल्कनीचं सागवानी दारही तेच. दारावरची लाकडी जाळीसुद्धा ठेवलीय त्यांनी. पितळी मूठ एका बाजूने झिजलेली आहे. ती तुझ्या हाताने झिजली असं मला वाटलं. बाकीच्यांचेही हात लागले असणार, पण मी ते मनावर घेतलं नाही.

तुझं काम तिकीट फाडून बायकांना आत सोडायचं, एवढंच. दाराशेजारी पाटी होती, रडणारे मूल बाहेर न्यावे. पाटी लिहिणाऱ्याने मूल बाहेर नेणारी बाई मग नाटक कसं बघणार याचा विचार केला नव्हता, तो तू केलास. रविवारी दुपारी पिंपळनेर, साक्रीकडच्या बायका जीप ठरवून यायच्या, घरचं सगळं आवरून, डबे बांधून, आणि निम्म्या जणींच्या कडेवर लेकरू. पहिल्या अंकातच एखादं गळा काढायचं. त्याची आई तोंड पाडून उठायची, दारापर्यंत यायची, आणि तू हात पुढे करायचीस. "दे ते इकडे. तू नाटक देख." तिने नको म्हणायच्या आत लेकरू तुझ्या खांद्यावर असायचं. मग फाडलेल्या तिकिटाचा उरलेला तुकडा तू झबल्याच्या नाडीला बांधायचीस, त्यावर खुर्चीचा नंबर. दुसऱ्या अंकापर्यंत बाहेरच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर चार-पाच लेकरं झोपलेली, प्रत्येकाच्या गळ्याशी एकेक नंबर, आणि तू मधे दाराला टेकून, मांडी घालून, दोन्ही गुडघ्यांवर आणखी दोन.

एकदा मात्र फजिती झाली होती, आठवतं? एका लेकराने आपलं तिकीट चघळून गिळलं आणि दुसऱ्याचं सुटून पडलं. अंधारात तू अंदाजाने दोन्ही पोचवलीस. दोघी नाटकात इतक्या रंगल्या होत्या की पदराखाली घेऊन पाजायला लागल्या. उजेड झाला तेव्हा चौथ्या रांगेतली किंचाळली, "हाई पोर मन्हं नही शे!" सगळी बाल्कनी मागे वळली. तू शांतपणे गेलीस, लेकरांची अदलाबदल केलीस आणि म्हणालीस, "दोन्हीसनं पोट भरनं ना? मंग व्हयनं." त्या दोघी नंतर प्रत्येक नाटकाला शेजारी शेजारी बसायच्या. एकमेकींच्या गावच्या लग्नालाही गेल्या म्हणे.

या सगळ्यात तुला एकही नाटक बघायला मिळालं नाही. म्हणून तुझ्या वाटचं बघायला मी. बाल्कनीच्या पायऱ्यांवर, अगदी कडेला माझी जागा. प्रयोग संपून बायका खाली उतरल्या, लेकरं जिची तिला गेली, की आपण दोघी घराकडे निघायचो आणि कोपऱ्यावरच्या पाणपोईशी आल्यावर तू ठरल्यासारखं विचारायचीस, "मंग, शेवट काय व्हयना वं?" आणि मी सांगायचे. रंगवून सांगायचे. तू मान हलवत ऐकायचीस, मधेच एखादा प्रश्न विचारायचीस. आपल्याला केवढं महत्त्वाचं काम दिलंय या तोऱ्यात मी चालत असायचे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. माय, मी एकही शेवट बघितलेला नाही. दुपारचं जेवण, वरचा पंखा, अंधार. तिसरा अंक सुरू झाला की माझे डोळे मिटायचे ते टाळ्यांनीच उघडायचे. पहिल्यांदा तू विचारलंस तेव्हा मला तुला नाराज करवेना, म्हणून मनाने एक शेवट जोडून दिला. तो तुला आवडला. मग दुसऱ्या रविवारी दुसरा. पुढे पुढे मला त्यात इतकी मजा यायला लागली की नाटकवाल्यांचा शेवट काय असेल याची फिकीरच राहिली नाही.

त्यातलं एक नाटक माझ्या मनातून कधी गेलं नाही. त्यातली आई रोज दोन ताटं वाढते, एक स्वतःचं आणि एक घर सोडून गेलेल्या मुलाचं. ते आलं त्या वर्षी भाऊ सुरतेला कापडाच्या मागावर कामाला गेला होता आणि चार महिने त्याची चिठ्ठी नव्हती. तू कुणाजवळ बोलत नव्हतीस, पण पोस्टमन गल्लीत शिरला की तुझा हात पिठातच थांबायचा, हे मी बघत होते. तिसऱ्या अंकाला मी नेहमीप्रमाणे झोपले. पाणपोईशी तू विचारलंस, आणि या वेळी तुझा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी त्या मुलाला घरी परत आणला, म्हटलं, "पोऱ्या घर ऊना." तू थांबलीस. "ऊना?" मी म्हटलं, "हां. जेवाले बसना." तू विचारलंस, "काय खाधं?" मला काय ठाऊक पुण्याकडच्या त्या घरात काय खातात. मी म्हटलं, "शेवभाजी नि भाकर." तू पदर तोंडाला लावलास आणि खांदे हलेपर्यंत हसलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, "बरं व्हयनं." आणि माझा हात घरापर्यंत सोडला नाहीस.

भाऊ आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला आला. त्याला चिठ्ठी लिहायचा कंटाळा, एवढंच कारण निघालं. घरोघर पुरणपोळ्या चालल्या होत्या, तूही पुरण शिजवलं होतंस, पण त्याच्या पुढ्यात पहिली आली ती शेवभाजी आणि भाकर. तो म्हणाला, सणाला हे काय? तू भाकरी वाढत राहिलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "दोन भाकरी खाध्यात, आजून मांगी ऱ्हायना." आणि पुन्हा तसंच हसलीस. मला बरं वाटलं, आणि आतून भीतीही वाटली. माझी थाप इतकी खरी मानून बसलीय माय, असं वाटलं.

ती भीती पुढे माझ्याबरोबर सासरी जळगावला आली. तू गेलीस तेव्हाही ती होतीच. बाकी मी तुझ्याशी जे खोटं बोलले त्यावरची सगळी भांडणं आपण तुझ्या हयातीतच मिटवली, ही एक गोष्ट राहून गेली. जिला नाटक बघायला मिळत नाही अशा बाईला मी दर रविवारी फसवलं, आणि तीही कोण, तर माझी आई. शेजारच्या अक्का एकदा तुला म्हणाल्या होत्या, एवढं थेटरात राहून तुझ्या नशिबी नाटक नाही. तू म्हणालीस, "माले बठ्ठं भेटस." सगळं मिळतं हे तू माझ्या भरवशावर म्हणालीस, असं मी धरून चालले. तेच जास्त लागायचं.

मागच्या रविवारी तेच नाटक होतं. नवी मंडळी, पण दोन ताटं तीच. मी मुद्दाम बाल्कनीतली कडेची खुर्ची घेतली आणि येताना दोन वेळा चहा प्यायले. काही झालं तरी या वेळी शेवट बघायचा. तिसरा अंक लागला, मी टक्क जागी. आणि माझ्या शेजारच्या पोरीच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं. पंचविशीची असेल, नवरा बरोबर नाही. लोक माना वळवायला लागले, ती पर्स आवरू लागली. तिचा चेहरा मी ओळखला, माय. तो चेहरा घेऊन किती बायका तुझ्या दाराशी आल्या असतील. मी म्हटलं, द्या इकडे, तुम्ही बघा नाटक. ती म्हणाली, अहो मावशी, तुमचा शेवट चुकेल. मी म्हटलं, मला ठाऊक आहे शेवट. आणि बाळ घेऊन बाहेर आले. खरं सांगते, चार पावलं चालेपर्यंत माझा जीव थोडा हळहळला.

वऱ्हांड्यात येऊन बाळ खांद्यावर टाकलं, दाराला पाठ लावली, थोपटलं. दोन मिनिटांत ते गप्प झालं. आणि मग वरच्या जाळीतून मला ऐकू आलं. सगळं. पाट सरकवल्याचा आवाज, ताटात वाटी ठेवल्याचा आवाज, कडी वाजली ती, कोणी तरी निरोप घेऊन आलं ते. मग त्या आईचा आवाज, अगदी हलका, पण माझ्या कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट: "दुसरं ताट उचल आता."

मी इतकी वर्षं आतल्या बाजूला झोपत होते, मला कसं कळणार? तू त्या दाराला पाठ लावून प्रत्येक नाटक शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होतीस. त्या रविवारी ते वाक्य ऐकून, भाऊची चिठ्ठी नसताना, तू पाणपोईपर्यंत चालत आलीस आणि मला विचारलंस, शेवट काय झाला. तुला शेवट नको होता. तुला माझा हवा होता. बाळाची आई शोधत बाहेर आली तेव्हा मी एकटीच हसत होते आणि गालही ओले होते. तिने काळजीने विचारलं, मावशी, त्रास दिला का याने? मी म्हटलं, नाही गं, फार गुणी आहे. तुझ्यासारखाच मीही माझ्या तिकिटाचा तुकडा त्याच्या झबल्याच्या नाडीला बांधला होता, तो तिने सोडवून मला परत दिला.

तो तुकडा या कागदात ठेवते आणि कागद तुझ्या पितळी डब्यात, जिथे तू भाऊच्या चिठ्ठ्या ठेवायचीस. एक तेवढं सांगायचं राहिलं. रविवारी घरी पोचले, तर सून दारातच म्हणाली, एवढ्या लांब गेलात, मग शेवट काय झाला? मी चप्पल काढता काढता म्हटलं, मुलगा आला परत, शेवभाजी-भाकर खाल्ली पोटभर. ती हसली. तिने खरं मानलं की नाही, ते मी विचारलं नाही.