मिठाचा बर्फ

मुंबई,
बुधवार

प्रिय विनेशदादा,

तू माझा फोन कापतोस, म्हणून हे पत्र. कमलेश उद्या दुपारी टेम्पोतून करंजाच्या धक्क्यावर बर्फ उतरवायला येईल, तेव्हा ते तुझ्याच हातात देईल, आईच्या नाही. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. लहानपणी माझी विज्ञानाची वही न बघता फाडली होतीस आणि मग बाबांनी तुझी कशी उत्तरपूजा केली होती, ते आठव.

आई म्हणाली, शुक्रवारी दर्याला नारळ सोडला की शनिवारी पहाटेच्या भरतीला बोट काढणार आणि बाबा तुमच्याबरोबर येणार. दहा दिवसांसाठी. दादा, सोमवारी त्यांच्या सलाईनची तारीख आहे. आधीच्या दोन तारखा त्यांनी चुकवल्या. डॉक्टरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, की फुप्फुसातली दबलेली गाठ सलाईनमधल्या औषधाशिवाय किती दिवस दबून राहील याचा भरवसा नाही, तिसरी तारीख चुकवू नका. हे मी आईला सांगितलं. आईने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "वरीस न्हाय ज्याचे हातान, त्याला सुई कशाला? माझी बोट हाय मला." आणि तू त्यांचं अंथरूण बोटीवर नेऊन ठेवलंस. मला तुझा इतका राग आला, की त्या दिवशी मी जेवले नाही.

आता राग नाही. म्हणजे आहे, पण तो तुझ्यावर नाही. ते पुढे सांगते.

मी इथे काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू गावात सगळ्यांना सांगतोस, आमची नूतन डॉक्टरीण हाय, आणि मीही गप्प बसते. मी डॉक्टरीण नाही. मी नमुने उतरवून घेते, तपासते, यंत्रावर चढवते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातली काही प्रथिनं मोजायची, आणि औषध कोणाला लागू पडेल, कोण किती टिकेल, याचा अंदाज त्यावरून आधी बांधता येतो का ते बघायचं, असं हे काम आहे. अजून तो नुसता अभ्यास आहे. बाटलीवर नाव नसतं, क्रमांक असतो, आणि आकडा घरच्यांना सांगायचा नाही असा नियम आहे. बाबांनी या अभ्यासाला रक्त द्यायच्या संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा तेजस्वी मॅडमना काय म्हणाले होते आठवतं? "दर्या सांगत न्हाय कोन परत येनार, आन् तुमची बाटली सांगनार?" मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. आमच्या विभागाच्या प्रमुख त्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी बाबांना ताप होता, मुंबईला आणता येत नव्हतं, म्हणून उरणच्या दवाखान्यात रक्त काढून घेतलं. नर्सबाईंनी थर्माकोलच्या डब्यात दोन थंड पिशव्या घातल्या आणि तुला एवढंच म्हणाल्या, थंड राहू द्या. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीआधी बोट वर ओढायचे दिवस होते, धक्क्यावर सगळे तुझी वाट बघत होते, आणि तू सगळं टाकून दोन गाड्या बदलत माझ्याकडे आलास. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. डबा टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "बग, पापलेटासारखा आनलाय." त्या दोन पिशव्यांवर तुझा विश्वासच नव्हता. त्या फेकून तू फोडलेला बर्फ ठासून भरला होतास आणि वर मिठागरातलं जाडं मीठ मूठभर, बाबा भरतात तसं. मी तुला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला. तू दोन कप प्यायलास. जाताना वळून विचारलंस, बराबर केला ना गो? मी म्हणाले, एकदम बरोबर.

दादा, बाबांनी आपल्याला बर्फ भरायला शिकवलं ते आठवतं? मिठाचा बर्फ साध्या बर्फापेक्षा कितीतरी थंड, तो मासळीला थेट लागू द्यायचा नाही, नाहीतर कातडी जळते, मांस फुटतं, मग तो माल बाजारात कोणी हातात धरत नाही. मध्ये गोणपाट हवंच. एकदा तू गोणपाट विसरलास तेव्हा बाबांनी अख्खी टोपली तुझ्यासमोर उलटी केली होती. मी हसले म्हणून मलाही एक बसली.

जुलैत आकडे आले. बाबांचा क्रमांक मला पाठ होता, तुझ्या हातून मीच बाटल्या घेतल्या होत्या ना. बघायचं नव्हतं, पण बघितलं. त्यातलं एक प्रथिन, एनएसई म्हणतात त्याला, इतकं वर होतं की मी क्रमांक पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. मी कोणाला बोलले नाही. चार दिवसांनी तुझा फोन आला, खरं सांग म्हणालास, आणि मी सांगितलं. असे आकडे असलेले बहुतेक रुग्ण वर्ष काढत नाहीत, असं माझ्या तोंडून गेलं. तू जाळं शिवत होतास, हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आणि जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला बाबा बसले होते. ते उठून आत गेले आणि मागाहून आईला फक्त म्हणाले, जेवायला वाढ. त्यानंतर मी तुला काय काय बोलले ते सगळं मला आठवतं. तू बाबांना मारलंस, इथपर्यंत बोलले. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

काल तेजस्वी मॅडम सगळ्यांत वरचे आकडे पुन्हा तपासत होत्या. बाबांच्या क्रमांकापाशी थांबल्या. शीतपेटीतून उरलेली बाटली काढून उजेडाकडे धरली. रक्त फिरवून वेगळं केलं की वरचं पाणी पिवळसर निघायला हवं. हे आमसुलाच्या सरबतासारखं लाल. त्या म्हणाल्या, हे रक्त थंडीने बर्फासारखं गोठलं होतं, त्याने लाल पेशी फुटल्यात, आणि हे प्रथिन त्या पेशींच्या पोटातही असतं. पेशी फुटल्या की आकडा फुगतो. मग या आकड्याला काही अर्थच नाही. मग त्यांनी नोंदीचा कागद काढला आणि विचारलं, नमुना इथे उतरवून घेतला कोणी?

मी घेतला होता. दादा, आता वाच नीट, याच्यासाठीच हे सगळं लिहिलंय. त्या दिवशी तू पंख्याखाली चहा पीत होतास तेव्हा मी डबा उघडला होता. बाटल्या दगडासारख्या कडक लागल्या हाताला. रक्त वितळवून फिरवलं तेव्हा तो लाल रंगही मी पाहिला. रंग असा आला की नमुना नाकारायचा, हे आमच्याकडे भिंतीवर लिहून लावलंय. कागदावर दोन चौकोन असतात, योग्य आणि नाकारला. नाकारला म्हटलं असतं तर बाबांना तापात पुन्हा सुई, तुला पुन्हा हेलपाटा, आणि तुझं ते तोंड मला बघवलं नसतं. एकाच बाटलीने काय होतंय, म्हणून मी योग्यवर खूण केली. आकडा फुगतो हे मला माहीत नव्हतं, पण माल खराब आहे हे माहीत होतं. आकडा बघून घाबरले तेव्हा तो रंग एकदाही आठवला नाही, किंवा मी आठवू दिला नाही. आणि वर तुलाच म्हणाले, तू बाबांना मारलंस. मॅडमना मी हे सगळं लेखी दिलंय, माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. शनिवारी बोट घेऊन जा, नाहीतर तुझ्या जागी बोटीवरच्या अनंताला तांडेल करून, सुकाणू त्याच्या हाती देऊन पाठव, पण बाबांना उतरव, आणि सोमवारी तू नाहीतर आई त्यांना इथे आणा. रक्त दुसरं कोणी काढेल, दुसरंच कोणी तपासेल, मी नुसती बाबांजवळ बसेन. खरा आकडा कमीच येईल असं वचन मी देत नाही, तो मला ठाऊक नाही. पण त्या आकड्यावर विसंबून ते औषध सोडतायत, तो आकडा खोटा आहे. ते डॉक्टरांचं ऐकणार नाहीत, माझंही नाही. त्यांना एवढंच सांग, की विनेश गोणपाट घालायला विसरला आणि नूतनने बघूनही तो माल घेतला. बाबांना कळेल.

तुझीच,
नूतन