कोपरा कापलेलं कार्ड

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ जुलै १९६१

तीर्थस्वरूप गुंडोकाकांना,

उपेंद्रचा (हयात, तब्येत ठणठणीत) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का?

'उपेंद्र गेला हे खरं काय' ही तुमची तार सही करून मीच घेतली. आमचे हेड शेषगिरी आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "स्वल्प बस रे, पाणी पी. सरी, उत्तर तूच कर, दुसऱ्याचं कोण खरं मानणार!" पाठोपाठ तुमचं पत्र आलं आणि सगळा उलगडा झाला.

काका, आमच्या कचेरीत गावोगावच्या पावसाचे आकडे कार्डांवर भोकं पाडून उतरवतात. ठरलेल्या रकान्यात ठरलेलं भोक. तेच कार्ड परदेशातल्या यंत्रात घातलं की ज्यानं निपाणीचं नावही ऐकलेलं नाही त्याला आपल्याकडे कधी किती पडला ते कळतं! ना लिपीची अडचण, ना भाषेची. (पहिल्या दिवशी मी चपला काढून यंत्राला नमस्कार केला. शेषगिरी हसले नाहीत. त्यांनीही केला होता म्हणे.) हे नवल हेमलतेला दाखवावंसं वाटलं. साखरपुड्याआधी मुलीला पत्र लिहिणं बरं दिसेना, म्हणून अक्षरही न लिहिता निपाणीच्या जूनचं कार्ड पाकिटात घातलं. पत्ता टाइप केलेला, मागं कचेरीचा शिक्का. आता, कार्ड यंत्रात उलटं जाऊ नये म्हणून त्याचा एक कोपरा कापलेला असतो, साऱ्या जगात! पण कोपरा गेलेलं कार्ड म्हणजे आपल्याकडे कुणीतरी गेल्याची खबर, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्रिविक्रमरावांनी (माझे होणारे सासरे) शिक्का पाहिला, कोपरा पाहिला आणि सगळ्या घराला डोक्यावरून अंघोळ घालायला लावली. आता मी जिवंत निघालो, तर म्हणतात, असला अपशकुनी जावई नको!

तुम्ही जाऊन त्यांची समजूत घाला. हे लग्न मोडलं तर मला फार वाईट वाटेल.

आपला आज्ञाधारक
उपेंद्र

ता. क. खरं काम राहिलंच. येताना ते कार्ड परत आणा. कार्डांची पेटी परदेशी जायची आहे आणि निपाणीचा जून सध्या जगात कुठंच नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या पत्राच्या कडेला काकूंनी लिहिलेली ओळ आत्ता दिसली. हेमलता रडून रडून आजारी पडली आणि त्या कार्डाला कुणाला हात लावू देत नाही म्हणे. माझ्यासाठी, काका! आम्ही एकदाच भेटलो, तेही पोह्यांच्या बशीपुरते. यंत्राचं नवल काहीच नाही हो यापुढं. कार्ड मागू नका, मी नोंदवहीवरून दुसरं पाडतो. त्रिविक्रमरावांना फक्त एवढंच विचारा, परक्या माणसाच्या नावानं सगळं घर कधी न्हातं का?