माझ्या कपाटातलं चोविसावं शतक

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे माझी प्रकृती उत्तम. गेली आहे ती फक्त प्रतिष्ठा. पोर तुझ्याकडे राहून नोकरीखेरीज काय उद्योग करते ते खरं खरं कळव, वावगं असलं तर येऊन घेऊन जाते, असं तू लिहिलंस. ये आणि घेऊन जा.

तुझ्या कन्येने सन तेवीसशे ऐंशीवर रॅपचा अल्बम केला आहे. अंडरग्राउंड म्हणतात त्याला, म्हणजे कुठल्या कंपनीने मागितलेला नाही आणि मागेल अशी भीतीही नाही. त्या काळी सगळं यंत्रं करतात. माणसाच्या वाटचं रडणंसुद्धा. (तेव्हा संस्कृत कोण शिकवतं, असं मी विचारलं. ‘मामा, तेव्हा शाळाच म्युझियममध्ये आहे,’ म्हणाली. मी चहा अर्धा टाकून उठलो.) हे सारं रेकॉर्ड झालं माझ्या कपड्यांच्या कपाटात. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. एका रविवारी सकाळी व्याख्यानाला निघताना मी राखाडी कोटासाठी दार उघडलं, तर आत कोट गायब आणि भाची माईकपुढे उकिडवी बसून यंत्रमानवांचा उद्धार करते आहे! मग मी बोललो. सलग आठ मिनिटं बोललो. कुलशील, लज्जा, इस्त्री, काही सोडलं नाही. दोन सुभाषितंही झाली. माईक चालूच होता.

आता त्या अल्बममध्ये पृथ्वीवरचा शेवटचा मनुष्य म्हणून यंत्रांनी काचेत ठेवलेला जो प्राणी ‘माझा कोट कुठाय?’ म्हणून ओरडतो, तो तुझा सख्खा भाऊ. सायकलदुरुस्तीच्या दुकानाखालच्या तळघरात तिचा कार्यक्रम झाला, तिथे जाब विचारायला मी जातीने गेलो. साठ-सत्तर पोरं एका सुरात माझा कोट शोधत होती! एकजण माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाला, ‘काका, तुम्ही खरे आहात? आम्हाला वाटलं, कॉम्प्युटरने बनवलेत.’ सव्वीस वर्षं शिकवतोय, पण माझं वाक्य असं कुणी कधी पाठ केलं नव्हतं.

पण संताप त्याचा नाही, ताई. आठ मिनिटांतली अकरा सेकंदं ठेवली! सुभाषितं कापली, लज्जा कापली, कुलशील तर मुळापासून कापलं. का, तर म्हणे, ‘मामा, बाकीचं फार लांबलं होतं.’ असं मला माझ्या घरात ऐकवणारी मुलगी मी एक दिवसही ठेवून घेणार नाही.

तुझा संतप्त,
भाऊ

ता. क. – लगेच निघू नकोस. माझी लेखी हरकत वाचून तिने पुढच्या अल्बममध्ये शेवटच्या मनुष्याला अख्खं गाणं दिलं आहे. माझं शार्दूलविक्रीडित वृत्त तिच्या ठेक्यात बसत नव्हतं. ठेका बदलायला तयार झाली. पोर गुणी आहे. इथेच राहू दे.

ता. क. २ – यंत्रांच्या सम्राटासाठी भावनेचा लवलेश नसलेला आवाज हवा आहे. मी भाऊजींचं नाव सुचवलं. मुलीला न्यायला नको, पण त्यांना सोडायला म्हणून ये.