एकाच उमेदवाराला सही

गॉलवे, मे २००४, गुरुवार संध्याकाळ

आज नोराबरोबर कौन्सिलच्या ऑफिसात गेलो आणि तोंडघशी पडलो. शेजारची नोरा लोकल निवडणुकीला अपक्ष उभी राहतेय. पक्ष नसला की इथल्या मतदारांच्या सह्या लागतात, त्याही ऑफिसात जाऊन. क्लार्कने माझं नाव पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही 'जो' नावाच्या दुसऱ्या उमेदवारासाठी आधीच सही केलीय. एका मतदाराला एकाच उमेदवारासाठी करता येते."

हा जो म्हणजे आमच्या समोरच्या घरातला शेजारी. मला काय माहीत असा नियम आहे! पुण्यात सोसायटीच्या निवडणुकीत दारात येईल त्याला आपण अनुमोदन देतो, वर चहाही. मत मग द्यायचं त्याला देतो. इथे उलटंच. मत देताना एक, दोन, तीन अशी पसंती लावता येते, सही मात्र एकदाच. पण मला कुणालाच नाही का म्हणता येत नाही?

नोरा एवढंच म्हणाली, "यू आर ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'असू दे, काही बिघडलं नाही'. परतताना गाडीत तेच पुन्हा म्हणाली, जरा हळू आवाजात. ते 'ग्रँड' अजून टोचतंय. तिला एकच सही कमी पडतेय आणि उद्या शेवटचा दिवस.

घरी बायकोला, मेधाला, सांगितलं. ती म्हणाली, "माझी आहे की! मला दोघांपैकी कुणी विचारलंच नाही." तिने लगेच नोराला फोन लावला.

मी म्हटलं, "तिला सांग, आपल्या घरची पहिली पसंतीही तिलाच."

मेधाने रिसीव्हरवर हात ठेवला. "हेच तू जोलाही सांगितलं होतंस ना? आता तुझ्यापुरतं बोल."